ट्राम गेली, तिकीट उरलं

जोतिबाच्या डोंगरावर बसून मुंबईतल्या एका छोट्या संग्रहालयाबद्दल का बोलायचं, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. कारण साधं आहे. आपल्या भागातून कितीतरी माणसं गिरणीत कामाला मुंबईला गेली. लालबाग-परळच्या रस्त्यांवर ती ज्या ट्राममधून फिरली, तिच्या खाणाखुणा या संग्रहालयात आहेत.

हे संग्रहालय ‘बेस्ट’चं. १९८४ साली ते कुर्ला आगारात सुरू झालं आणि १९९३ मध्ये आणिक आगारात गेलं. बस आगारातलंच संग्रहालय, त्यामुळे फार थाटमाट नाही. ट्रामच्या आणि बसच्या प्रतिकृती, जुनी तिकिटं, तिकिटांची यंत्रं, जुने फोटो असा ऐवज. तासाभरात बघून होतं. पण त्यातलं तिकीट नीट बघा. अख्ख्या शहराचा इतिहास त्यात सापडतो.

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी असे दोन मार्ग होते. कंपनीकडे ९०० घोडे होते. कुलाब्याहून पायधुणीला तीन आणे पडायचे, आणि सुरुवातीला तिकीटच नव्हतं! पुढे भाडं दोन आण्यांवर आलं आणि फुकटे प्रवासी वाढले, तेव्हा त्यांना आळा घालायला तिकीट निघालं. म्हणजे आपण ज्याला पैसे दिल्याची पावती म्हणतो, तो कागद अविश्वासातून जन्मला.

७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली. १९२० मध्ये दुमजली ट्राम धावू लागली. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली, आणि इथूनच ट्रामला स्पर्धक मिळाला. बसला रूळ लागत नाहीत. रस्ता खणला असेल तर बाजूने जाते, नवी वस्ती झाली की तिकडे वळते. ट्राम मात्र रुळाला बांधलेली. ती अडली की तिच्यामागचं सगळं अडतं. १९५३ पासून एकेक मार्ग बंद होत गेला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली.

आता तारखा जुळवून पाहा. ट्राम गेली १९६४ ला, संग्रहालय निघालं १९८४ ला. मध्ये वीस वर्षं! या काळात किती वस्तू भंगारात गेल्या असतील? अलीकडे सीएसएमटीसमोर लोकांना बघायला एक ट्रामचा डबा ठेवला, तो कोलकात्याहून आणावा लागला. नव्वद वर्षं ट्राम चालवणाऱ्या शहराची ही अवस्था. मुंबईकर आजही ‘दादर टी.टी.’ म्हणतो, पण त्या टी.टी.चा अर्थ ‘ट्राम टर्मिनस’, हे तिथे उतरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

याउलट दिल्लीकडे बघा. तिथली मेट्रो २००२ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि सहा-सात वर्षांतच पटेल चौक स्टेशनात तिचं संग्रहालय उभं राहिलं. प्रवासी त्याच स्टेशनात उतरायचा आणि जाता जाता फोटो, प्रतिकृती बघायचा. गाडी चालू आहे, बांधणारी माणसं हयात आहेत, कागद हाताशी आहेत. माझ्या मते संग्रहालयाची खरी वेळ हीच.

मुंबईत आता जमिनीखालून आरे ते कफ परेड मेट्रो धावते. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं. तिच्या वस्तू आजच जपायला हव्यात, कारण बदल फार झपाट्याने होतो. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो २०१४ साली सुरू झाली तेव्हा प्लास्टिकचं टोकन मिळायचं. आता क्यूआर कोड दाखवून आपण आत जातो. दहा वर्षांपूर्वीचं टोकनसुद्धा आता संग्रहालयात ठेवायची वस्तू झालं! आणि क्यूआर कोड तर मोबाइलमधून पुसला की संपला, मागे कागदही राहत नाही.

हे झालं मुंबईचं. आपल्याकडे काय आहे? चैत्र यात्रेला लाखो माणसं या डोंगरावर येतात. शेकडो वर्षांच्या सासनकाठ्या आपण देवासारख्या जपतो, ते योग्यच. पण ती माणसं एसटीने आली, केएमटीने आली. कंडक्टरच्या हातातली तिकिटांची पत्र्याची पेटी, चिमट्याची ती टिकटिक आता ऐकू येते का? ती पेटी वापरलेले कंडक्टर आज निवृत्त होऊन घरी आहेत. कुठल्या तिकिटाचा रंग कोणता, यात्रेच्या गर्दीत हिशोब कसा लावायचा, हे ते अजून सांगू शकतात.

म्हणून एकच विनंती. घरातल्या माळ्यावर अशी पेटी, पास किंवा जुनी तिकिटं असतील तर रद्दीत घालू नका. त्यावर गाव आणि वर्ष लिहून ठेवा, आणि ज्याने ती वापरली त्याच्याकडून चार गोष्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. संग्रहालयाला इमारत नंतर मिळेल. वस्तू आणि माणसं मात्र थांबत नाहीत. जोतिबाच्या नावानं चांगभलं!