लासूर स्टेशन : परिसरातील वन्यजीवन व निसर्गभटकंती

लासूर स्टेशन हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या गंगापूर तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. मनमाड–काचीगुडा लोहमार्गावर करंजगाव व पोटूळ या स्थानकांच्या मध्ये ते वसले आहे. जिल्ह्याच्या ठिकाणापासून पश्चिमेस सुमारे 40 किमी. शिवना नदीकाठचे मूळ लासूर हे दाक्षायणी देवीच्या मंदिरासाठी ओळखले जाते. रेल्वेमुळे स्टेशनभोवती वेगळी वस्ती वाढली. कापूस, कांदा आणि जनावरांचा बाजार यांमुळे पंचक्रोशीत तिचे नाव आहे. निसर्ग पाहणाऱ्याच्या नकाशावर मात्र हे नाव सहसा नसते. खरे तर दक्षिणेला नाथसागराचे उथळ पाणी, पश्चिमेला वैजापूर–येवल्याकडचे कोरडे माळ आणि उत्तरेला गौताळ्याचे जंगल, अशा तीन वेगळ्या भूप्रदेशांच्या मध्ये लासूर आहे.

शिवना ही या भागाला जोडणारी नदी. ती कन्नडकडील डोंगरांतून उतरते, लासूरवरून दक्षिणेस जाते आणि गोदावरीला मिळते. तिच्यावर कन्नड तालुक्यात शिवना टाकळी प्रकल्प आहे. लासूरजवळ तिचे पात्र वर्षातील बराच काळ कोरडे किंवा डबक्यांपुरते उरते. अशा डबक्यांवर शेकाट्या, बगळे, तुतारी आणि खंड्या हमखास दिसतात. पहाटे पुलावरून तासभर पाहिले तरी दिवस सत्कारणी लागतो.

नाथसागर. परिसरातील सर्वांत महत्त्वाचे ठिकाण हेच. पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाचा हा जलाशय. धरणाची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली व उद्‌घाटन 1976 मध्ये इंदिरा गांधी यांनी केले. मातीचा बांध सुमारे 10 किमी लांब असून त्याला 27 दरवाजे आहेत. एकूण साठा सुमारे 102 टीएमसी. संत एकनाथांच्या नावावरून जलाशयाला नाथसागर म्हणतात. लासूरकडून जाणाऱ्याने पैठण गाठण्याची गरज नाही. गंगापूरमार्गे कायगावला गेले की जलाशयाचे वरचे टोक लागते. तेथे गोदावरी आणि प्रवरा यांचा संगम आहे. पलीकडच्या तीरावर टोके व प्रवरासंगम ही गावे असून टोक्याचे सिद्धेश्वराचे पेशवेकालीन मंदिर त्याच्या दगडी कोरीवकामासाठी पाहण्यासारखे आहे.

हे सपाट प्रदेशातले धरण असल्यामुळे त्याचे पाणी फार लांब पसरते, पण खोली कमी. स्थानिक पावसावर ते भरत नाही. नाशिककडील घाटमाथ्यावर पाऊस झाला की गोदावरी फुगते आणि मगच जायकवाडीत पाणी येते. म्हणून पावसाळ्यात अख्ख्या मराठवाड्यात ‘धरण किती टक्के?’ हाच प्रश्न असतो. पूर्ण भरल्यावर पातळी 1,522 फुटांवर जाते. 2016 च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा शून्यावर आला होता. पाणी उतरले की काठाची गाळाची जमीन उघडी पडते आणि शेतकरी तिच्यात हरभरा, गहू पेरतात. याला गाळपेर म्हणतात. पक्ष्यांच्या दृष्टीने नाथसागराचे खरे धन हा सरकता काठच आहे. खोल पाण्यावर फारसे काही नसते. घोट्याएवढे पाणी, ओला गाळ आणि पलीकडे हिरवे रान जेथे एकत्र येतात तेथेच हजारोंनी पक्षी उतरतात.

या कारणाने 1986 मध्ये जलाशय व त्याच्या काठाला जायकवाडी पक्षी अभयारण्य घोषित केले गेले. क्षेत्र सुमारे 341 चौ. किमी. ते छत्रपती संभाजीनगर व अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. येथे पक्ष्यांच्या 200 हून अधिक जातींची नोंद आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पाहण्याचा काळ. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, पाणटिवळे, कैकर व भोवत्या हे हिवाळी पाहुणे. चित्रबलाक, मुग्धबलाक, कुदळ्या, जांभळी पाणकोंबडी व नदी सुरय हे येथे राहणारे किंवा जवळपास फिरणारे. पाणी पुरेसे उतरलेल्या वर्षी रोहित पक्ष्यांचे थवे येतात. काळ्या अंगाच्या आणि कपाळावर पांढरा टिळा असलेल्या पाणपक्ष्याला मराठीत ‘वारकरी’ म्हणतात. पैठणच्या पाण्यावर हे नाव जितके शोभते तितके दुसरीकडे क्वचितच शोभत असेल.

पट्टकादंब या राजहंसाच्या जातीसाठी मात्र मुद्दाम थांबावे. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूस दोन काळे आडवे पट्टे, पिवळसर नारिंगी चोच आणि करडे अंग. तो मध्य आशियातून व तिबेटच्या पठारावरून हिमालय ओलांडून येतो. दिवसा थवा काठावर स्वस्थ बसतो. एखादा पक्षी मान उंच करून पहाऱ्यावर असतो, बाकीचे चोच पंखांत खुपसून एका पायावर उभे. सांज झाली की आधी गळ्यातला घोगरा आवाज सुरू होतो, मग ओळ धरून सगळे गाळपेरीतल्या हरभऱ्याकडे उडतात. कोवळे शेंडे खातात म्हणून शेतकऱ्यांची त्यांच्यावर नाराजी असते आणि ती समजून घेतली पाहिजे. फाल्गुन वद्य षष्ठीला, म्हणजे नाथषष्ठीला, दिंड्या पैठणला पोहोचतात तेव्हा या पाहुण्यांची परतीची वाट सुरू झालेली असते.

गोदावरीवर वरच्या अंगाला, नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वर आहे. पाणथळ क्षेत्रांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेले ते राज्यातील पहिले ठिकाण. त्याच्या जलद कालव्याचे पाणी वैजापूर व गंगापूर तालुक्यांपर्यंत येते. लासूरच्या बाजारातला कांदा आणि नाथसागरातले बदक एकाच नदीच्या पाण्यावर आहेत, हे येथे फिरताना लक्षात ठेवावे.

माळ व जंगल. वैजापूरकडच्या माळांवर काळविटांचे कळप दिसतात. त्यांचे राखीव क्षेत्र येवला तालुक्यात ममदापूर येथे आहे. धाविक, चंडोल, पखुर्डी, खोकड हे माळाचे इतर रहिवासी. ‘पडीक’ म्हणून नोंदलेली ही जमीन उजाड नाही. ती गवताळ परिसंस्था आहे आणि तिच्यावर सरसकट झाडे लावणे चुकीचे ठरते.

उत्तरेस कन्नडपलीकडे गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. स्थापना 1986, क्षेत्र सुमारे 260 चौ. किमी. बिबट्या, अस्वल, नीलगाय व पानगळीचे जंगल ही त्याची ओळख. याच परिसरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून आलेला वाघ येथे नोंदवला गेला.

भेट देणाऱ्यांसाठी. रेल्वेने लासूर स्टेशनला उतरून गंगापूरमार्गे कायगावला रस्त्याने जाता येते. मुक्कामाला पैठण किंवा छत्रपती संभाजीनगर सोयीचे. सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा एक तास पुरेसा. दुर्बीण हवी, गडद किंवा मातकट कपडे हवेत. पाण्याजवळ जाण्याआधी जमीन काठीने तपासावी. वरून वाळलेला दिसणारा गाळ आतून कमरेएवढा मऊ असू शकतो आणि जलाशयात पोहणे धोक्याचे आहे. उन्हाळ्यात टिटवी, सुरय यांसारखे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, त्यामुळे पाय जपून टाकावा. गाळपेरीतून चालताना शेतकऱ्याला विचारावे, वाफे तुडवू नयेत. मासेमारांकडून तलावाची माहिती सर्वांत चांगली मिळते. कोणत्या बेटावर कोणता थवा बसतो हे त्यांना पाठ असते.

नाथसागरावर तरंगत्या सौर प्रकल्पाचा प्रस्ताव मांडला गेला असून त्यावरून न्यायालयीन वाद झाला आहे. निर्णय कोणताही होवो, उथळ काठाला हात लावू नये. बदके आणि पट्टकादंब त्या काठासाठीच येतात, खोल पाण्यासाठी नव्हे.