पहिल्या काँग्रेसचे जानवसघर

लग्न ठरले म्हणजे मुलीच्या बापास मुहूर्ताआधी जानवसघराची चिंता लागते. मंगलाष्टके कोणी म्हटली हे वर्षभरात विसरले जाते. परंतु वऱ्हाडास जागा अपुरी पडली, सकाळचे ऊन पाणी वेळेवर पोचले नाही, ही गोष्ट दोन पिढ्या सांगितली जाते. राष्ट्रीय सभेच्या इतिहासकारांनी नेमके उलट केले आहे. मंगलाष्टके त्यांनी अक्षरशः उतरून ठेवली. पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी, प्रतिनिधी ७२, ठराव ९, तारीख १८८५ च्या डिसेंबरची २८ वी, हे शाळेतील मुलासही पाठ असते. पण कलकत्ता, मद्रास, लाहोर येथून आलेली ही मंडळी मुंबईत उतरली कोठे असे विचारले, तर बहुतेक सुशिक्षित माणसे गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेचे नाव घेतात, म्हणजे सभेचे स्थळ सांगतात. त्या नावाचा उत्तरार्ध सर्वांच्या तोंडून गळून पडतो. गोवालिया तलावावरील त्या इमारती ‘पाठशाळा व विद्यार्थी वसतिगृह’ अशा होत्या. आणि प्रस्तुत लेखाचा विषय हा उत्तरार्धच आहे.

ही चिंता त्या वेळच्या पुढाऱ्यांस किती होती हे १८८५ च्या मार्च महिन्यात निघालेल्या परिपत्रकावरून दिसते. परिषद पुण्यास २५ ते ३१ डिसेंबर भरावयाची होती. तिचे जे दोन प्रत्यक्ष हेतू परिपत्रकाने सांगितले, त्यांतील पहिला राजकीय नाहीच. देशकार्यासाठी झटणाऱ्या निरनिराळ्या प्रांतांतील माणसांचा एकमेकांशी समक्ष परिचय व्हावा, हा पहिला. पुढील वर्षाच्या राजकीय कामाची दिशा ठरवावी, हा दुसरा. परिचय हा व्याख्यानाने होत नसतो. तो एका पंक्तीला बसल्याने, एका ओसरीवर रात्री उशिरापर्यंत बोलत राहिल्याने होतो. म्हणूनच परिपत्रकात पर्वतीजवळच्या पेशव्यांच्या बागेचा, म्हणजे हिराबागेचा, मुद्दाम उल्लेख आहे. सभाही तेथेच व्हावयाची आणि प्रतिनिधींनी आठवडाभर राहावयाचेही तेथेच.

ह्या आग्रहास कारण झाले होते ते मुंबईतच. १८८४ च्या डिसेंबरात लॉर्ड रिपन मुंबईहून स्वदेशी निघाले, तेव्हा त्यांस निरोप देण्यास हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांतून लोक जमले. सोहळा थाटाचा झाला. परंतु आलेली मंडळी शहरभर डझनावारी खासगी बिऱ्हाडांत विखुरली गेली, आणि असा समुदाय एकत्र आला असता जी बोलणी व्हावयाची ती राहून गेली. परिपत्रकाने ह्या प्रकाराकडे स्पष्ट बोट दाखवून, पुण्यास तसे होऊ द्यावयाचे नाही असे म्हटले आहे. मुंबईत पैसे टाकले म्हणजे निजण्यास जागा मिळते, हे तेव्हाही खरे होते. पण अशा जागेत मनुष्य एकटा निजतो आणि सकाळी एकटाच उठून सभेस जातो. भाडे देऊन जे विकत घेता येत नाही, ते ह्या लोकांस हवे होते.

पुणेकरांच्या कंजूषपणाविषयी ज्यांच्या मनात काही ग्रह असतील त्यांनी ह्या परिपत्रकातील पुढील भाग अवश्य ध्यानात घ्यावा. प्रतिनिधीने पुण्याच्या स्टेशनापर्यंत स्वखर्चाने यावे; तेथे पाय ठेवल्यापासून परत गाडीत बसेपर्यंत गाडीघोडा, जागा, जेवण, सर्व मोफत. खर्चाची पहिली जबाबदारी पुणेकरांच्या स्वागतनिधीवर. ज्यांस ऐपत असेल त्यांनी त्यात मनास येईल ती रक्कम घालावी, आणि शिल्लक राहील ती पुढील वर्षाच्या स्वागतासाठी ठेवावी. मुंबई इलाखा, सिंध व वऱ्हाड मिळून वीस, मद्रासकडून तितकेच, बंगालमधून तितकेच आणि वायव्य प्रांत, अयोध्या व पंजाब मिळून त्याच्या निम्मे, असा अजमास होता. पुण्याची मंडळी यांखेरीज. म्हणजे हिराबागेत मावेल एवढेच हे वऱ्हाड होते.

आणि मग पटकी आली. परिषद काही दिवसांवर असता पुण्यात तिच्या तुरळक लागणी झाल्या. साथ वाढलीच तर परप्रांतांतून बोलावलेल्या पाहुण्यांस आपण मृत्यूच्या दारी आणून सोडले असे होईल, म्हणून पुढाऱ्यांनी ठिकाण बदलले. पुणेकरांच्या सगळ्या सिद्धतेवर पाणी पडले आणि यजमानपण त्याच वर्षाच्या जानेवारीत स्थापन झालेल्या बाँबे प्रेसिडेन्सी असोसिएशनच्या गळ्यात आले. मेहता, तेलंग व तय्यबजी ह्या त्रयीची ही संस्था पुरती वर्षाचीही झाली नव्हती. हातात दिवस थोडे. बोरीबंदरचे नवे भव्य स्टेशन अजून बांधून व्हावयाचे होते. पण कलकत्त्याची आगगाडी १८७० पासून आणि मद्रासची १८७१ पासून मुंबईस येत होती, त्यामुळे पाहुणे येण्यात अडचण नव्हती. अडचण होती ती ज्या कारणासाठी मुंबई मूळ बेतातून वगळली होती तीच. सत्तर माणसे एका छपराखाली ठेवील असे घर ह्या शहरात कोणाचे?

ते घर विद्यार्थ्यांचे निघाले. सभेच्या इतिवृत्तात गोकुळदास तेजपाल पाठशाळा व वसतिगृह यांच्या व्यवस्थापकांचे औदार्य नमूद आहे. त्यांनी आपल्या सर्व इमारती परिषदेच्या स्वाधीन केल्या, म्हणून २७ तारखेच्या सकाळी प्रतिनिधी येऊ लागले तेव्हा सारे सज्ज होते. भाड्याचा प्रश्नच निघाला नाही. गोकुळदास तेजपाल हे भाटिया शेठ त्यापूर्वीच निवर्तले होते. त्यांच्या नावाचे इस्पितळ मुंबईकरांस परिचित आहेच. शिक्षणासाठी त्यांनी ठेवलेल्या धर्मादायाच्या पैशाने एका राष्ट्राचे पहिले जानवसघर व्हावे, हे त्यांच्या कल्पनेतही नसावे.

तथापि येथे वाचकांस क्षणभर थांबवावेसे वाटते. व्यवस्थापकांनी इमारती दिल्या हे खरे. पण वसतिगृहातील खोली ही व्यवस्थापकांची जितकी असते तितकीच ती तेथे राहून परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाचीही असते. त्या काळी मुंबईत गरीब विद्यार्थ्यास खोली मिळणे म्हणजे काय होते, हे ज्यांनी अण्णासाहेब कर्व्यांचे चरित्र वाचले आहे त्यांस सांगणे नको. १८८४ साली ते एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाले ते शिकवण्या करून. गिरगावच्या चाळीत नातलगाच्या बिऱ्हाडी कोपरा धरून, रात्री दुसऱ्याच्या दिव्याच्या उजेडात वाचणाऱ्या मुलास वसतिगृह म्हणजे चैन होती. नाताळच्या सुटीमुळे तेजपालमधील बरीच मुले गावी गेली असावीत. सभेने हा आठवडा निवडला तोही कोर्टकचेऱ्या व शाळा बंद असतात म्हणूनच. पण ज्यांच्या अंथरुणांच्या जागी देशाचे पुढारी निजले, त्यांचे आभार मानण्याची कल्पना त्या काळच्या शिष्टाचारात बसत नव्हती.

आज ती बसते काय, हेही पाहण्यासारखे आहे. २०२४ साली पॅरिस येथे ऑलिंपिकचे सामने झाले, त्या वेळी फ्रेंच सरकारने तेथील सरकारी वसतिगृहांतील सुमारे ३००० खोल्या उन्हाळ्यापुरत्या बंदोबस्ताच्या व सेवेच्या माणसांसाठी मागून घेतल्या. विद्यार्थ्यांस शंभर युरो व खेळांची दोन तिकिटे देऊ केली. मुलांनी तक्रार केली, प्रकरण वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल सरकारसारखा झाला. तिकिटे द्यावीशी वाटली एवढी सुधारणा १३९ वर्षांत झाली असे म्हणता येईल.

असो. २७ च्या संध्याकाळी तेजपालमध्ये मोठा मेळावा जमला. प्रतिनिधींचे स्वागत करण्यास आलेल्यांत सर विल्यम वेडरबर्न होते, न्यायमूर्ती जार्डीन होते, आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे प्राचार्य वर्डस्वर्थ होते. हे वर्डस्वर्थ म्हणजे इंग्रज महाकवीचे नातू. ज्या प्राध्यापकांच्या व्याख्यानास जाण्याची आकांक्षा धरून मुले मुंबईस येत, ते आपण होऊन मुलांच्या बिऱ्हाडी आले, आणि त्या वेळी मुले तेथे नव्हती. माझ्या मते ह्या संध्याकाळीच सभेचा पहिला हेतू सिद्धीस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी बारास पाठशाळेच्या दिवाणखान्यात जे सुरू झाले तो दुसरा हेतू. मद्रासच्या ‘हिंदु’ पत्राचे सुब्रह्मण्य अय्यर पहिला ठराव मांडण्यास उठले, तेव्हा समोरचे श्रोते त्यांस अपरिचित राहिले नव्हते. उणीव होती ती बंगालची. सुरेंद्रनाथांची स्वतःची परिषद कलकत्त्यास त्याच आठवड्यात भरली असल्यामुळे तिकडून वीसांच्या जागी तिघेच आले.

एका छपराखालील हा संसार मात्र एकाच वर्षाचा ठरला. १८८६ साली कलकत्त्यास चारशेंवर प्रतिनिधी झाले, १८८७ साली मद्रासेस सहाशेंवर. १८८८ साली अलाहाबादेस अधिकाऱ्यांनी जागा मिळू न देण्याचा चंग बांधला, तेव्हा दरभंग्याच्या महाराजांनी लौदर कॅसल ही आख्खी वास्तूच विकत घेऊन सभेच्या हवाली केली. १८८९ साली सभा पुन्हा मुंबईस आली, तेव्हा प्रतिनिधींची संख्या सालाइतकीच, १८८९, भरली. त्यांस मावेल असे वसतिगृह कोठले असणार! मंडप उभारावा लागला आणि पाहुणे पुन्हा शहरभर पांगले. परिपत्रकातील तो पहिला हेतू पुढील इतिवृत्तांतून मला तरी पुन्हा तितक्या ठळकपणे भेटला नाही.

विद्यार्थ्यांची जागा मात्र सभेस पुढेही लागत गेली. १९०१ साली कलकत्त्यास गांधीजी आले ते रिपन महाविद्यालयात उतरले. ज्यांच्या अनुपस्थितीने पहिली सभा उणी झाली होती, त्या सुरेंद्रनाथांचेच हे महाविद्यालय. गांधीजींनी आत्मकथेत तेथील हकीकत कसलीही भीड न ठेवता दिली आहे. शौचकूप तुंबलेले, स्वयंसेवक एकमेकांवर काम ढकलणारे, तमिळ मंडळींसाठी शिवाशिव होऊ नये म्हणून वेगळे आडोशाचे स्वयंपाकघर. रात्री काही प्रतिनिधी खोलीबाहेरच्या पडवीतच घाण करीत. गांधीजींनी शेवटी खराटा मागून घेतला. त्याच इमारतीत लोकमान्य उतरले होते, आणि अंथरुणावर बसलेल्या लोकमान्यांभोवती माणसांचा दरबार भरे, तेही चित्र गांधीजींनीच रेखाटले आहे. पाहुणे गेल्यानंतर त्या पडव्या कोणी धुतल्या आणि मुले तेथे कोणत्या मनाने परतली, ह्याकडे आत्मकथेचा रोख नाही. पण दुसऱ्याच्या घरी उतरलेल्याने कसे वागावे ह्याचा तो पहिला कडक धडा आहे. पुढे १९३६ साली खानदेशात फैजपुरास सभा भरली, तेव्हा बांबूंचे ‘तिलकनगर’च वसवून हा प्रश्न मुळातून सोडविला गेला. विद्यार्थ्यांस कोणी उठविले नाही.

पुण्याचे राहिलेले यजमानपण त्या शहरास दहा वर्षांनी, १८९५ साली, मिळाले, अध्यक्ष सुरेंद्रनाथ.

गोवालिया तलाव पुढे बुजला व त्याचे मैदान झाले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्या मैदानावर जे घडले त्यामुळे आज ते क्रांतीच्या नावाने ओळखले जाते, आणि तेजपाल हे नाव नाटकाच्या प्रेक्षकांस तेथील सभागृहामुळे ठाऊक असते. वसतिगृहाच्या खोल्या तर ३० डिसेंबर १८८५ ला सभा संपल्यावर मुलांस परत मिळाल्या. काही दशकांनी वलसाडकडील एक मुलगा विल्सन महाविद्यालयात नाव घालून ह्याच वसतिगृहात राहावयास आला. त्याचे नाव मोरारजी देसाई.