पस्तीस मिलिमीटरची पट्टी

घरच्या सर्व्हरसाठी रास्पबेरी पायसारखे एका बोर्डाचे छोटे संगणक ज्या पट्टीवर ओळीने बसवले जातात, ती संगणकवाल्यांनी शोधलेली नाही. ती कारखान्याच्या पॅनेलमधून आली. इलेक्ट्रिकलच्या दुकानात ती डिन रेल किंवा डिन चॅनेल म्हणून मीटरच्या हिशेबाने मिळते: रुंदी 35 मिलिमीटर, खोली बहुधा 7.5, पत्रा 1 मिलिमीटर जाड आणि दोन्ही कडा बाहेर वळवलेल्या.

सांगली भागात कारखानदारी सुरू झाली तेव्हा अशा पट्टीची गरज नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर कारखाना हलवला, तो एक इंजिन आणि छताखाली फिरणारा लांब शाफ्ट यांचा काळ. पट्टे चढवून प्रत्येक यंत्राला त्याच शाफ्टवरून गती दिली जाई. पुढे यंत्रागणिक मोटर आली आणि मोटरगणिक स्विच, फ्यूज, स्टार्टर. ही सामग्री संगमरवराच्या किंवा स्लेटच्या फळीवर बोल्टने आवळत. एक स्टार्टर वाढला की पुन्हा मोजमाप, पुन्हा भोकं. जर्मनीत 1928 मध्ये एकेक सुटं टर्मिनल पट्टीवर सरकवून बसवण्याची कल्पना वापरात आली; 1950च्या दशकात पट्टीची मापं ठरली आणि कोणत्याही कंपनीचा माल कोणत्याही पॅनेलमध्ये बसू लागला. या साध्या पत्र्याचं खरं मोल त्या ठरलेल्या मापात आहे.

1949 मध्ये झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्याला 1960 मध्ये सांगली हे नाव मिळालं. त्याच दशकात शेजारच्या साताऱ्यात कोयनेची वीजनिर्मिती सुरू झाली. कृष्णाकाठी पाण्याच्या मोटारी वाढल्या. पण विहिरीवरच्या पेटीत पट्टी नव्हती. तिथे लाकडी फळी, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आणि हिरव्या-लाल बटणांचा लोखंडी स्टार्टर, एवढाच संसार. फ्यूज उडाला की शेतकरी स्वतःच तार बांधी, बहुधा हवी त्यापेक्षा जाड.

पट्टीला खरं काम दिलं ते साखर कारखान्यांनी. वसंतदादा पाटलांच्या पुढाकाराने 1950च्या दशकात सांगलीत सहकारी कारखाना उभा राहिला, पाठोपाठ जिल्ह्यात इतरही झाले. उसाचा कॅरियर, रसाचे पंप, सेंट्रिफ्यूगल, बॉयलरचे पंखे अशा मोटारींच्या रांगा एका कारखान्यात असतात. त्यांचं नियंत्रण पीएलसी या कारखानी संगणकाकडे गेल्यावर पॅनेलच्या दारामागे टर्मिनल, रिले आणि 24 व्होल्टचे पॉवर सप्लाय पट्ट्यांवर दाटीने बसले. गाळप हंगामात बंद पडलेला रिले स्क्रू ड्रायव्हरने खालची खिटी ओढून काढायचा, नवा वरच्या कडेला अडकवून खाली दाबायचा.

घरात पट्टी आली ती फ्यूजच्या जागी बसलेल्या एमसीबीच्या मागून. वितरण पेटीचं, म्हणजे डीबीचं झाकण उघडलं की साधारण 18 मिलिमीटर रुंदीचे एमसीबी तिच्यावरच बसलेले दिसतात.

रास्पबेरी पाय 29 फेब्रुवारी 2012 रोजी विक्रीला आला, तेव्हा त्याच्या पहिल्या बोर्डला स्क्रूसाठी भोकंच नव्हती. तो शाळकरी मुलांसाठी होता. त्याला कुणी कायमचा भिंतीवर बसवील असं बहुधा कुणाच्या डोक्यात नव्हतं. त्याच वर्षी दोन भोकं आली आणि 2014च्या बी प्लसमध्ये चार, 58 बाय 49 मिलिमीटर अंतरावर, अडीच मिलिमीटरच्या स्क्रूची. हे अंतर पुढच्या मुख्य मॉडेलांतही टिकलं. त्यामुळे बोर्डासाठी एकच ब्रॅकेट करून त्याला डिन क्लिप लावणं सोपं झालं. 2016च्या सुमारास जर्मनीतल्या कुन्बस कंपनीने पायचंच कॉम्प्युट मॉड्यूल डिन रेलच्या डब्यात घालून कारखान्यांना विकायला काढलं. म्हणजे पट्टी कारखान्यातून घरी आली आणि घरचा संगणक त्याच पट्टीने कारखान्यात गेला.

घरच्या मांडणीत फायली साठवणारा, जाहिराती गाळणारा आणि दिवे-पंप सांभाळणारा असे तीन-चार बोर्ड अर्ध्या मीटरच्या पट्टीत मावतात. दूरसंचाराच्या रिले-मांडणीतून आलेला 19 इंची रॅक एवढ्यासाठी अवाढव्य ठरतो. बोर्ड पट्टीला काटकोनात, उभे ठेवले तर गरम हवा वर निघून जाते. आडवे एकावर एक रचले तर वरचा तापतो. 230 व्होल्टच्या तारा एका बाजूने, 5 व्होल्टच्या दुसऱ्या बाजूने न्याव्यात आणि पट्टीला अर्थिंग द्यावं. पाय 5ला 5 व्होल्टवर 5 अँपिअरपर्यंत लागतात, म्हणून पातळ आणि लांब तार त्याला चालत नाही. सांगलीत आणखी एक हिशेब आहे, उंचीचा. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. नदीकाठच्या घरात पट्टी भिंतीवर उंच ठोकणं शहाणपणाचं. शिवाय पाणी चढू लागलं तर मेन स्विच बंद करून, तारा सोडवून बोर्ड खिटी ओढून मिनिटाभरात काढता येतात.