औंधचा स्वराज्यप्रयोग
सातारा-विजापूर भागांत विखुरलेल्या, अवघ्या 72 गावांच्या औंध संस्थानाचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी, चिरंजीव आप्पासाहेब पंत व पोलिश अभियंता मॉरिस फ्रिडमन यांच्या आग्रहावरून, गांधीजींच्या सल्ल्याने सिद्ध झालेली राज्यघटना 21 जानेवारी 1939 रोजी मंजूर करून राज्यकारभार रयतेच्या हवाली केला. ग्रामपंचायत हा तिचा पाया असून, पंचायतींतून तालुका-मंडळे व त्यांतून विधिमंडळ, अशी तिची रचना होती. मताधिकाराला घातलेली साक्षरतेची अट मात्र या उदार उपक्रमास विसंगतच वाटते. आटपाडीजवळील स्वतंत्रपूर येथे बंदिवानांची मुक्त वसाहतही याच काळात उभी राहिली. ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) हा चित्रपट तिच्यावरूनच सुचला. 8 मार्च 1948 रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.