जुन्या कॉमिक्सची किंमत कोण ठरवते?

१९३८ साली अमेरिकेत ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक निघाला, तेव्हा त्याची किंमत १० सेंट होती. सुपरमॅन प्रथम अवतरला तो याच अंकात. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याची एक प्रत १० लाख डॉलरना विकली गेली आणि पुढच्याच महिन्यात दुसरी प्रत १५ लाखांना गेली. अंक तोच, छपाई तीच. फरक होता तो प्रतवारीचा. पहिल्या प्रतीला १० पैकी ८ गुण मिळाले होते, दुसरीला ८.५. ही दुसरी प्रत कित्येक वर्षे एका जुन्या सिनेमासिकाच्या पानांत दडून राहिली होती.

जुने तेवढे महाग, हा समज येथे चालत नाही. त्या काळातले अंक मोलाचे झाले ते उरले नाहीत म्हणून. हलका कागद, मुलांच्या हाताळणीने झालेल्या चिंध्या, दुसऱ्या महायुद्धातील रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा आणि १९४८ च्या सुमारास काही गावांत पेटलेल्या कॉमिक्सच्या होळ्या, या सगळ्यांतून थोडेच अंक वाचले. उलट १९९१ साली ‘एक्स-मेन’च्या नव्या मालिकेचा पहिला अंक ८० लाखांहून अधिक प्रतींनी खपला. पुढे भाव येईल म्हणून लोकांनी तो जपून ठेवला. सगळ्यांनीच जपला, म्हणून तो आजही स्वस्तात मिळतो.

किंमत मोजायला समान माप लागते. ते १९७० साली रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांच्या किंमत-मार्गदर्शिकेने दिले. एकाच अंकाचा भाव प्रतीच्या स्थितीप्रमाणे त्यात वेगवेगळा मांडलेला असे. पण स्थिती ठरवणार कोण, तर विकणाराच! २००० साली ‘सीजीसी’ ही त्रयस्थ प्रतवारी संस्था सुरू झाली. ती अंक तपासून ०.५ ते १० असे गुण देते आणि प्रत प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करते. उडालेला रंग पुन्हा भरलेला किंवा फाटलेली कड जोडलेली आढळली, तर तशी नोंद पेटीवर होते आणि भाव उतरतो.

साठवणीचे मोल सांगणारे उदाहरण डेन्व्हरचे. तेथील एडगर चर्च यांच्या घरातला हजारो अंकांचा संग्रह १९७७ साली चक रोझान्स्की या विक्रेत्याने विकत घेतला. कोरड्या हवेत, थप्प्या रचून ठेवलेल्या त्या अंकांची पाने पांढरी राहिली होती. हे अंक आज इतर प्रतींच्या कितीतरी पट भावाने जातात.

आता आपल्याकडे पाहू. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते निघत. १९९० पर्यंत आठशेच्या आसपास अंक निघाले. वेताळ, मँड्रेक आणि १९७६ पासून आबिद सुरती यांचा बहादूर घरोघरी पोहोचले.

या अंकांना अमेरिकी माप जसेच्या तसे लावता येत नाही. आपल्याकडे वर्षभराचे अंक शिवून, कडा कापून बांधून घेणे ही काळजी समजली जाई. अमेरिकी प्रतवारीत ते नुकसान. वाचनालयाचा शिक्का, मुखपृष्ठावर मुलाने लिहिलेले नाव, दमट हवेने गंजलेल्या पिना हे आपल्या प्रतींचे नेहमीचे रूप. म्हणून आधी भाषा, मग क्रमांक, मग सर्व पाने आहेत की नाही आणि शेवटी स्थिती, असा क्रम मला योग्य वाटतो. क्रमांकही माहीत हवेत. संपामुळे १२३ आणि १२४ हे अंक निघालेच नाहीत. तेव्हा संचात ते नसणे ही उणीव नव्हे. आणि विक्रेत्याने सांगितलेला आकडा म्हणजे किंमत नव्हे. प्रत्यक्ष व्यवहार झाला तो आकडा खरा.

असे व्यवहार नोंदवून दरवर्षी छापण्याची परंपरा आपल्याकडे रुजली नाही. त्याची झळ मराठी आवृत्त्यांना बसते, कारण ज्याचा भाव ठाऊक नाही ते किलोच्या दराने रद्दीत जाते. वेताळाने मराठी कसे बोलावे हे त्या अनामिक अनुवादकांनी ठरवले आणि त्यांच्या कामाचा पुरावा याच पानांत आहे. ज्यांच्या माळ्यावर असे गठ्ठे असतील त्यांनी विकण्याआधी भाषा, क्रमांक, महिना आणि पाने यांची यादी करावी. भाव त्यानंतर ठरवता येईल.