उलट्या पायाची कुळकथा

विमान गिरकीत सापडलं की गिरकीच्या उलट बाजूचं पेडल दाबायचं आणि दांडी पुढे ढकलायची. छोटं विमान चालवायला शिकणाऱ्याकडून आज हे घोकूनच घेतलं जातं. हे कळण्याआधी गिरकी म्हणजे मरणच मानायचे. एखादा सुटलाच, तर कसा सुटला हे त्यालाही सांगता येत नसे.

25 ऑगस्ट 1912. इंग्लंडमधलं लार्कहिल. लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क तीन तासांचं उड्डाण संपवून ॲव्हरो विमान खाली आणत होता. जमीन सुमारे 700 फुटांवर असताना विमान डावीकडे गरगरत कोसळू लागलं. त्याने इंजिनाचा जोर वाढवला, दांडी पोटाशी ओढली, डावं पेडल दाबलं. गिरकी आणखी आवळली. तोल सावरायला त्याने उजवा हात दांडीवरून काढून केबिनचा खांब धरला आणि उजवं पेडल पार तळाशी दाबलं. गिरकी थांबली. जमीन तेव्हा जेमतेम 50 फूट उरली होती! उतरल्यावर त्याने काय काय केलं ते क्रमाने सांगितलं. माझ्या लेखी खरा शोध त्या सांगण्यात आहे. त्याच डिसेंबरात दुसऱ्या एका विमान अपघातात तो गेला.

पुढे 1917 मध्ये फ्रेडरिक लिंडमन या शास्त्रज्ञाने फार्नबरोला मुद्दाम गिरक्या घेतल्या आणि काट्यांचे आकडे ध्यानात ठेवून त्यामागचं गणित पडताळलं.

पण गिरकीच्या आधी येतो स्टॉल. इथे इंजिन बंद पडत नाही. नाक फार वर गेलं की हवा पंखाला धरून वाहत नाही आणि पंख उचलणं सोडतो. धावपट्टीकडे वळताना, वळण चुकतंय म्हणून पेडल जास्त दाबलं आणि दांडी ओढली, की एक पंख आधी दगा देतो आणि गिरकी सुरू होते. तिथून सावरायला उंचीच नसते. म्हणून 1946 च्या सुमारास अमेरिकेत लिओनार्ड ग्रीनने पंखाच्या पुढच्या कडेला पत्र्याची छोटी जीभ बसवली: स्टॉल जवळ आला की हवेनेच ती वर उचलली जाते आणि भोंगा वाजतो. सेस्ना 172 मध्ये तर वीजही लागत नाही. पंखाच्या कडेला एक भोक असतं, त्यातून हवा ओढली गेली की आतली पिपाणी वाजते.

शिकणाऱ्यांनो, ती वाजली की आधी दांडी पुढे करा. धावपट्टी हुकली तर हुकू द्या, पुन्हा फेरी मारता येते.