द्राक्षवेलीची चैत्रातील छाटणी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेकरिता प्रत्येकीने आपल्या घरच्या व्यवसायाची माहिती लिहावी, असे मंडळाच्या बैठकीत ठरले. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले. पण निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदाराच्या घरी सून म्हणून येऊन मला पंचवीस वर्षे झाली. तेव्हा छाटणीविषयी जे ठाऊक आहे ते लिहिते.

थंड मुलखात हिवाळ्यात पाने गळून द्राक्षवेल झोपी जाते आणि वसंत लागण्याच्या सुमारास तिची एकदाच छाटणी करतात. आपल्याकडे तशी थंडी नाही, त्यामुळे वेल झोपत नाही. पूर्वी आपल्या भागात पांगाऱ्याच्या जिवंत खुंटावर वेल चढवीत असत. वर्षातून दोन बहार येत; पैकी पावसाळ्यातला आंबट निघे, थंडीनंतरचा गोड. पुढे आंबट बहाराचा नाद सोडून दिला, पण छाटण्या मात्र दोन्ही राहिल्या. ऑक्टोबरातली ती गोडी छाटणी आणि चैत्रातली, म्हणजे एप्रिलमधली, ती खरड छाटणी.

ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ साली द्राक्षबाग लावली, तेव्हापासून आमच्या भागात हे पीक वाढले. त्या वेळी भोकरी, फकडी या जाती असत. नंतर बिनबियांची थॉमसन आली. पुढे तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधूनच तास-ए-गणेश निवडली. पांगारा गेला, तारेचे मांडव आले. जाती बदलल्या, मांडव बदलले. चैत्रातली कात्री मात्र कोणालाच चुकली नाही.

नवख्या माणसाला ही छाटणी पाहवत नाही. मीही नवी असताना हिरव्या वेलीची नुसती लाकडे झालेली पाहून सासूबाईंना विचारले होते, "आत्याबाई, हे काय केले यांनी?" त्या हसल्या. एकेक डोळा राखून बाकी काडी उतरवितात. त्या डोळ्यांतून नवी काडी निघते आणि पहिल्या दीड-दोन महिन्यांत तिला भरपूर ऊन मिळाले, तर तिच्या डोळ्यांत पुढच्या सालाचा घड आत-आत तयार होतो. डोळ्यांना तो दिसत नाही. ऑक्टोबरात तो बाहेर पडतो, इतकेच.

हे मला २०२० साली कळले. मार्चअखेर टाळेबंदी झाली, बाजार बंद, व्यापारी फिरकेना, आणि माल वेलीवर लटकलेला. माल उतरविल्याशिवाय छाटणी होत नाही. सासूबाई म्हणाल्या, "घड खाली पाडा आणि कात्री लावा." वर्षभराची कमाई हाताने मातीत टाकायची! ह्यांचे मन होईना. कर्जाचा हप्ता डोळ्यांपुढे होता. शेवटी विहिरीकडचा अर्धा प्लॉट एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मोकळा केला. घड पाडताना आम्ही बायका एकमेकींशी बोललो नाही. उरलेल्या अर्ध्यात भाव येईल म्हणून वाट पाहिली. तो माल अखेर मातीमोल भावाने बेदाण्यासाठी गेला आणि छाटणी मेच्या अखेरीस झाली. काड्या कोवळ्या असतानाच आभाळ भरून आले.

ऑक्टोबरात विहिरीकडच्या वेलींना नेहमीसारखे घड निघाले. रस्त्याकडच्या वेलींना निम्म्या काड्यांवर नुसत्या बाळ्या. मधे फक्त एक पायवाट.

कात्री बहुधा पुरुषांच्या हाती असते आणि छाटणाऱ्याची मजुरी जास्त. मागून फुटी काढणे, विरळणी, डोळ्यांना पेस्ट लावणे ही कामे आम्हा बायकांची. त्यांचा हिशेब कोणी लिहून ठेवलेला मी तरी पाहिला नाही. आता आमच्याकडे छाटणीचा दिवस सासूबाईंना विचारून ठरवितात. त्यांना हल्ली नीट दिसत नाही. काडी चाचपून सांगतात.